वावर विकून वर्धा रोडला फ्लॅट? त्या मेसेजची एकेक ओळ

आमच्याकडच्या गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक मेसेज फिरतो आहे. त्याचा मजकूर असा: कास्तकार बांधवांनो, कोरडवाहू वावरात आता काही उरलं नाही. वावर विका आणि नागपूरला वर्धा रोडच्या पॉश वसाहतीत फ्लॅट नाहीतर प्लॉट घ्या. शेतजमिनीच्या पैशावर कर नाही. कर्ज काढलं तर हप्ता भाड्यातून निघतो. मिहान, मेट्रो, समृद्धीमुळे पाच वर्षांत पैसे दुप्पट. पोराचं लग्न जमतं ते वेगळंच. जागा मोजक्या, आजच इसार द्या.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसून दस्त लिहितो. वावरांची विक्रीपत्रं रोज हाताखालून जातात. नागपूरला घर घेऊच नका, असं माझं म्हणणं नाही. पोरांचं शिक्षण किंवा नोकरी तिथे असेल आणि तुम्हाला राहायचंच असेल, तर जरूर घ्या. पण हा मेसेज शेवटचं वावर आधी विकायला लावतो आणि बाकीचं सगळं नंतर पाहू म्हणतो. खोट तिथे आहे.

"शेतजमिनीच्या पैशावर कर नाही." अर्धंच खरं. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, पण जमीन ग्रामीण की शहरी हे ग्रामपंचायतीच्या पाटीवरून ठरत नाही. नगरपालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत अंतर मोजतात. शहराची लोकसंख्या 10 हजारांपासून 1 लाखापर्यंत असेल तर 2 किलोमीटर, 1 ते 10 लाख असेल तर 6 किलोमीटर, त्याच्या वर 8 किलोमीटर. एवढ्या टापूतलं वावर कराच्या दृष्टीने शहरी. वर्धा शहर 2011 च्या जनगणनेतच लाखाच्या पुढे गेलं, म्हणून सावंगी (मेघे), सिंदी (मेघे), पिपरी (मेघे) ही शहराला लागलेली गावं ग्रामपंचायतीत असली तरी तिथलं वावर करात येतं. देवळीसारख्या लहान नगरपालिकेच्या भोवती हाच टापू 2 किलोमीटरचा. दर आता साडेबारा टक्के. जमीन 23 जुलै 2024 च्या आधीची असेल तर महागाईची वजावट घेऊन 20 टक्क्यांचा पर्यायही आहे. दुसरी शेतजमीन घेतली किंवा अटी पाळून राहतं घर घेतलं तर सूट मिळते, पण ते विक्रीपत्राच्या आधी सीएला विचारायचं असतं. लोक येतात नोटीस हातात पडल्यावर.

इथे एक गोष्ट मेसेजमध्ये नाही आणि बैठकीत कोणी मोठ्याने बोलत नाही, ती म्हणजे "वरचे पैसे". विक्रीपत्र सरकारी भावाने, बाकीची रक्कम पिशवीत. स्थावराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. शिवाय नागपूरचा बिल्डर आणि बँक दोघेही खात्यातले पैसे मागतात. पिशवीतल्या पैशाने पॉश फ्लॅटचा करारनामा होत नाही.

"हप्ता भाड्यातून निघतो." कागद-पेन घ्या. फ्लॅट 60 लाखांचा धरू. 30 लाख वावराचे, 30 लाख कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता 26 हजारांच्या आसपास बसतो आणि वीस वर्षांत साडेबासष्ट लाख भरावे लागतात. भाडं 15 हजार मिळालं तरी महिन्याला 11 हजार खिशातून. मेंटेनन्स, घरपट्टी आणि भाडेकरू बदलताना घर रिकामं राहतं ते वेगळं. म्हणजे अर्धी किंमत आधीच मोजूनही भाड्यात हप्ता भागत नाही. बांधकाम चालू असेल आणि फ्लॅट 45 लाखांच्या वरचा असेल तर 5 टक्के जीएसटी, म्हणजे आपल्या उदाहरणात 3 लाख. मुद्रांक शुल्क नागपूरला सहा-सात टक्क्यांच्या घरात, त्यावर नोंदणीचे 30 हजार. घरातल्या बाईच्या नावाने घेतलं तर मुद्रांकात 1 टक्का सूट आहे. 60 लाखांवर 60 हजार वाचतात, तरी आपल्याकडे घर बापाच्याच नावाने घ्यायची हौस!

फ्लॅटचं 15 हजार भाडं म्हणजे वर्षाला 1 लाख 80 हजार, 60 लाखांवर 3 टक्के. मक्त्याचा, म्हणजे वावर ठोक भाड्याने दिल्याचा, हिशेब मांडला तर कोरडवाहू वावर या 3 टक्क्यांहूनही कमी देतं, हे मी लपवत नाही. पण वावराला मेंटेनन्स नाही, आणि नापिकीच्या वर्षी वावर हप्ता मागत नाही.

"पाच वर्षांत दुप्पट." त्यासाठी दरवर्षी 15 टक्के वाढ लागते, तीही सलग. मिहान म्हणजे नागपूर विमानतळाजवळचा मालवाहतूक आणि उद्योगांचा प्रकल्प. त्यासाठीची सरकारी कंपनी 2002 ची. तेव्हापासून मिहानच्या नावाने लेआउट विकले जात आहेत. वर्धा रोडवरच्या खापरीची मेट्रो 2019 पासून धावते. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 ला आणि पूर्ण 701 किलोमीटर जून 2025 मध्ये खुले झाले. सगळं झालेलं आहे आणि विकणाऱ्याने ते भावात केव्हाच धरलं आहे. आजच्या भावाने घेणाऱ्याला कालच्या रस्त्याचा नफा कुठून मिळेल? विकायला निघालात की दुसरी गंमत कळते. भाव सांगणारे चौकात दहा भेटतात, घेणारा एक भेटत नाही.

आता "पॉश". इथे मी जरा थांबतो, कारण माझा धंदाच कागदाचा.

मागे एक काका कब्जापत्र घेऊन आले होते. स्टॅम्प पेपर, नोटरीचा गोल शिक्का, प्रत्येक पानावर सही, सगळं छान प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. चतुःसीमेत पूर्वेला नऊ मीटर रुंद रस्ता, दक्षिणेला बगीच्याची राखीव जागा. प्रत्यक्षात पूर्वेला पांधण, म्हणजे वावरांतली गाडीवाट, तिच्यात गुडघाभर चिखल, आणि बगीच्याच्या जागी शेजाऱ्याची तूर. दस्ताची नोंदणी झालेलीच नव्हती. सातबारा काढून पाहिला तर प्लॉट कुठेच नाही. मूळ मालकाचं नाव आणि इतर हक्कात बँकेचा बोजा. ब्रोशरवर मात्र पोहण्याचा तलाव होता.

नागपूरच्या आसपासच्या जाहिरातींत "एनए-टीपी, आरएल" ही अक्षरं ठळक छापतात. एनए म्हणजे बिगरशेती, टीपी म्हणजे नगररचनेची मंजुरी, आरएल हे प्लॉटचं पत्र. गुंठेवारीत, म्हणजे आधी विनापरवाना पाडून नंतर नियमित झालेल्या प्लॉटचं पत्र आणि मंजूर लेआउटमधला प्लॉट विक्रीला मोकळा केल्याचं पत्र, दोन्हीला लोक आरएलच म्हणतात. म्हणून "आरएल आहे जी" एवढ्यावर मान हलवू नका. पत्र पाहा, त्यावर प्लॉट नंबर कोणता आहे ते पाहा, डिमांड, म्हणजे विकास शुल्क, भरल्याची पावती मागा. ही मंजुरी शहराच्या जुन्या हद्दीत नागपूर सुधार प्रन्यास देतं, बाहेरच्या गावांत 2017 पासून नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. मंजुरी कोणाची आहे हे मौजा आणि खसरा नंबरावरून तपासता येतं. लेआउटची जमीन 500 चौरस मीटरच्या वर असेल आणि प्लॉटही आठाहून जास्त असतील तर महारेराची, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी लागते. ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोडही बंधनकारक आहे. मोबाइल लावा, मंजूर नकाशा आणि प्रकल्पाची मुदत दिसते. तयार फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, मागा.

पाण्याचंही तसंच. महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या वसाहतीत "चोवीस तास पाणी" लिहिलेलं असतं. ते नळाचं, बोअरचं की टँकरचं, हे चौकीदाराला मे महिन्यात विचारा, सेल्समनला डिसेंबरात नको.

महाग वस्ती म्हणजे निर्धोक वस्ती, हाही भ्रमच. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठची अंबाझरी लेआउट, डागा लेआउट ही चांगल्या घरांची वस्ती पाण्यात गेली. प्लॉट पाहायला गेलात की नाला कुठून जातो हे आधी विचारा. त्यासाठी कास्तकाराला इंजिनिअर लागत नाही, उताराकडे नजर टाकली की कळतं.

"वावरात काही उरलं नाही, विका." तोटा मी नाकारत नाही. कापूस-सोयाबीनचा खर्च माझ्या घरातही आहे. पण हे वाक्य लिहिणाऱ्याला विदर्भाचा कायदा ठाऊक नसावा. आपल्याकडे शेतजमिनीला 1958 चा विदर्भ प्रदेशाचा कुळवहिवाट कायदा लागू आहे आणि त्याच्या कलम 89 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकायला बंदी आहे. सगळं विकलं आणि कुटुंबात कोणाच्याच नावे सातबारा उरला नाही, तर उद्या पोराला वावर घ्यायचं म्हटलं की शेतकरी असल्याचा दाखला कशावर काढणार? मग परवानगीसाठी चकरा. फ्लॅट विकून पुन्हा फ्लॅट घेता येतो, तसं इथे नाही. त्याच्या जोडीला पीक कर्ज जातं, पीएम किसान आणि नमो योजनेचे वर्षाचे मिळून 12 हजार जातात. विकायचंच असेल तर सगळं विकू नका. कोरडवाहूचा तुकडा 2023 पासून किमान 20 गुंठ्यांचा चालतो, तेवढं तरी नावावर राहू द्या. आणि सातबाऱ्यावर भोगवटदार वर्ग 2 (सरकारी अटी असलेली जमीन) लिहिलं असेल तर परवानगीशिवाय इसार घेऊच नका, व्यवहार अडकतो.

लग्नाची ओळ. ती खोटी नाही. सोयरिकीच्या बैठकीत "नागपूरला घर आहे का?" हा प्रश्न चहाच्या आधी येतो, गावागावात तिशी ओलांडलेले पोट्टे बसून आहेत. पण तोच पाव्हणा पुढे "हप्ता किती?" आणि "वावर किती राहिलं?" हेही विचारतो, मी ऐकलेलं आहे.

राहिलं "आजच इसार द्या". रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. 60 लाखांच्या फ्लॅटला ही हद्द 6 लाख. त्याच्या वर मागत असेल तर आधी करारनामा नोंदवा म्हणा. टाळाटाळ केली तर गाडीत बसा आणि गावाकडे या, तुमच्या वावराचं विक्रीपत्र अजून झालेलं नाही.