‘स्कॉटलंड स्वतंत्र झाले की ब्रिटिश पासपोर्ट रद्द’: या दाव्यात काय चुकते?

स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो: स्वातंत्र्याच्या दुसऱ्या दिवशी तिथल्यांचे ब्रिटिश पासपोर्ट आपोआप रद्द, स्कॉटिश कोण ते जन्मावरून ठरणार, इंग्लंडला जायला व्हिसा लागणार, आणि तिथल्या भारतीयांना गाशा गुंडाळावा लागणार. सध्या सार्वमत ठरलेले नाही. वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनच्या ब्रिटिश संसदेच्या, संमतीशिवाय स्कॉटिश संसदेला ते घेता येत नाही, असा निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. तरीही दाव्याचा एकेक मुद्दा तपासायला हवा, कारण खरा धोका त्यात सांगितलेलाच नाही.

‘पासपोर्ट आपोआप रद्द.’ पासपोर्ट हा नुसता पुरावा. नागरिकत्व मिळते १९८१ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्याने, आणि तो बदलायचा अधिकार लंडनचा. एडिंबराच्या स्कॉटिश सरकारला त्याला हात लावता येत नाही. आयर्लंडचे उदाहरण बघा. १९२२ मध्ये आयरिश फ्री स्टेट हे स्वशासित राज्य झाले, तरी लंडनच्या लेखी तिथले लोक १ जानेवारी १९४९ पर्यंत ब्रिटिश प्रजाजनच होते. डब्लिनच्या आयरिश सरकारने १९२४ मध्ये पासपोर्ट काढले आणि त्यांवर ‘आयरिश फ्री स्टेट आणि ब्रिटिश राष्ट्रकुलाचा नागरिक’ असे छापले. ते लंडनला मान्य नव्हते, आणि ही कुरबुर कित्येक वर्षे चालली. म्हणजे एकाच माणसाला दोन सरकारे दोन वेगवेगळ्या नावांनी ओळखत होती.

पण म्हणून ‘काहीच बदलणार नाही’ असेही नाही. केनिया १२ डिसेंबर १९६३ ला स्वतंत्र झाला. तिथेच जन्मलेला आणि आईवडिलांपैकी एकाचा तरी जन्म तिथलाच, असा माणूस आपोआप केनियन झाला. इतरांना नोंदणीसाठी दोन वर्षे मिळाली. अनेक भारतीय वंशाच्या कुटुंबांनी ती नोंदणी केली नाही, ब्रिटिश पासपोर्टच ठेवला. मार्च १९६८ मध्ये वेस्टमिन्स्टरने तीन दिवसांत कायदा उरकला: स्वतः, आईवडील किंवा आजीआजोबा यांपैकी कुणाचाच ब्रिटनशी जन्माचा किंवा तत्सम कायदेशीर संबंध नसेल, तर पासपोर्ट असूनही प्रवेशाचा हक्क नाही. पासपोर्ट वैध राहिला, दार मात्र बंद झाले. विचारायचा प्रश्न हा आहे: पासपोर्ट राहील का हा नाही, त्यावर प्रवेशाचा हक्क राहील का.

स्कॉटलंडच्या बाबतीत ब्रिटिश नागरिकत्वाची झीज आणखी हळू होईल. परदेशात जन्मलेल्या मुलाला ब्रिटिश नागरिकत्व साधारणपणे एकाच पिढीपर्यंत वंशाने मिळते. स्वातंत्र्यानंतर ग्लासगो ‘परदेश’ ठरले आणि कायदा आहे तसाच राहिला, तर तिथे ब्रिटिश पालकाच्या पोटी जन्मलेले मूल वंशाने ब्रिटिश असेल. त्या मुलाची तिथेच जन्मलेली मुले मात्र, दुसऱ्या पालकाकडून हक्क येत नसेल तर, आपोआप ब्रिटिश नसतील.

‘जन्मावरून ठरणार.’ स्कॉटिश सरकारच्या नोव्हेंबर २०१३ च्या श्वेतपत्रिकेत (स्वातंत्र्याच्या आराखड्यात) पहिला निकष राहण्याचा होता. स्वातंत्र्याच्या दिवशी तिथे नेहमीचे वास्तव्य असलेले ब्रिटिश नागरिक आपोआप स्कॉटिश, मग जन्म इंग्लंडातल्या लीड्सचा असो की सांगलीचा. जन्माने स्कॉटिश पण बाहेर राहणारे ब्रिटिश नागरिकही आपोआप. आई, वडील, आजी किंवा आजोबा तिथले असतील तर नोंदणी. कोणत्याही देशाचा नागरिक तिथे एकूण दहा वर्षे राहिला असेल आणि संबंध टिकून असेल, तर अर्ज. सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतातही हेच सूत्र होते: एडिंबरात कायदेशीर राहणारा भारतीय नागरिक मत देऊ शकत होता, लंडनला स्थायिक झालेला एडिंबरावासी नाही.

‘भारतीयांना परतावे लागेल.’ असे कुठल्याच प्रस्तावात नव्हते. अडचणी वेगळ्याच आहेत. कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना ब्रिटनबाहेर सलग दोन वर्षांहून अधिक राहिल्यास सहसा संपतो. मग स्वतंत्र स्कॉटलंडमधल्या डंडीत राहिलेला काळ ‘ब्रिटनबाहेर’ धरायचा का? स्वातंत्र्याच्या करारात याचे उत्तर नसेल, तर घर न बदलता परवाना जाऊ शकतो. दुसरे, ‘एक पासपोर्ट जास्तीचा’ म्हणून दहा वर्षांच्या अटीवर अर्ज करणाऱ्याने भारताचा नागरिकत्व कायदा, कलम ९ वाचावे. स्वेच्छेने परके नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व तिथेच संपते. पासपोर्ट जमा करायचा आणि हवे तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड) काढायचे.

‘इंग्लंडला व्हिसा.’ ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यात १९२० च्या दशकापासून सामाईक प्रवास क्षेत्र (आपसांत नेहमीची सीमातपासणी नसलेला प्रदेश) आहे, आणि श्वेतपत्रिकेला त्यातच राहायचे होते. पण सीमेवर चौकी नाही म्हणजे व्हिसा नको, असा हिशेब भारतीय पासपोर्टवाल्याने करू नये. ब्रिटनच्या उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टहून डब्लिनला जाताना त्याला आजही सहसा आयर्लंडची परवानगी लागते.

राहता राहिली ओळख. स्कॉटलंडच्या २०११ च्या जनगणनेत ६२.४ टक्के लोकांनी ‘फक्त स्कॉटिश’ लिहिले. तीनच वर्षांनी ५५.३ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याला नाही म्हटले. २०२२ मध्ये ‘फक्त स्कॉटिश’ ६५.५ टक्के झाले, ‘फक्त ब्रिटिश’ही ८.४ वरून १३.९ वर गेले, आणि ‘दोन्ही’ म्हणणारे १८.३ वरून ८.२ वर घसरले. या काळात कुणाचाही पासपोर्ट या कारणाने बदललेला नव्हता.