झाडाचं आहे म्हणून निर्धोक?

विड्याच्या पानाला लावतो तो कात म्हणजे लाकडाचा अर्क. खैराच्या खोडातला लाल गाभा तासायचा, ढलप्या उकळायच्या, पाणी आटवायचं, की कात तयार. कातकऱ्यांचं नावच या कामावरून पडलं. दालचिनी म्हणजे झाडाची साल. बाळंतिणीच्या लाडवातला डिंक बाभळीच्या नाहीतर धावड्याच्या खोडातून पाझरलेला. माणसाला झाड खाता येतं का, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, पिढ्यानपिढ्या खातोच आहोत.

नुसतं लाकूड मात्र पचत नाही. भाचीने परवा विचारलं, "मामा, वाळवीला चालतं मग आपल्याला का नाही?" लाकडात मुख्यतः सेल्युलोज. तीही भातातल्या स्टार्चसारखी ग्लुकोजचीच साखळी, पण कड्या वेगळ्या तऱ्हेने जोडलेल्या. ती जोड तोडणारं विकर (एन्झाइम) आपल्या पोटात नाही. वाळवीच्या आतड्यातले सूक्ष्मजीव तिला ते काम करून देतात. फिनलंडमध्ये १८६६ ते १८६८ च्या दुष्काळात लोकांनी पाइनच्या सालीची भाकरी खाल्ली, तीसुद्धा लाकडाची नव्हे. वरची खरखरीत साल काढून आतला मऊ थर वाळवायचा, दळायचा आणि पिठात मिसळायचा.

मला राग येतो तो "झाडाचंच आहे ना, मग अपाय कसला?" या वाक्याचा. काजरा झाडच आहे, त्याच्या बीत स्ट्रिक्निन हे जहर असतं. पिवळी कण्हेर, आपली बिट्टी, दारोदारी फुलते. तिची बी हृदयाचे ठोके बिघडवते. बांबूचे कोंब, विदर्भातले वास्ते, चविष्ट लागतात. पण आमच्या ओळखीच्या आजी ते चिरून रात्रभर पाण्यात ठेवतात, उकळतात आणि ते पाणी फेकून देतात. कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. आजींना त्याचं नाव ठाऊक नाही, पाणी फेकायचं हे पक्कं ठाऊक आहे. झाडपाल्याच्या औषधाच्या पुड्या विकणारे झाडाचं नाव तेवढं उचलतात, ही रीत मागेच राहते.

रोज चमचाभर दालचिनीची पूड कोमट पाण्यातून घेणारे माझ्या घरातच आहेत. बाजारातली स्वस्त दालचिनी बहुतेक वेळा कॅसिया या वेगळ्या जातीची असते. तिच्यात कुमारिन नावाचं द्रव्य जास्त, आणि काहींच्या यकृताला ते सोसत नाही. भाजीत तुकडा टाकणं वेगळं, महिनोन्‌महिने पूड गिळणं वेगळं. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे पिऊन यकृत बिघडलेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तो वाद तज्ज्ञांनी सोडवावा, पण काविळीची लक्षणं दिसताच काढा बंद करून डॉक्टर गाठायचा, यात वाद नको.

हे सगळं मी इतक्या तळमळीने लिहितोय त्याला कारण आहे. चौथीत असताना मधल्या सुट्टीत आम्ही पाच जणांनी शाळेच्या कुंपणावरच्या चंद्रज्योतीच्या बिया फोडून खाल्ल्या. शेंगदाण्यासारख्या गोड लागल्या, म्हणून आणखी खाल्ल्या. संध्याकाळपर्यंत सगळे उलट्या-जुलाबांनी आडवे, रात्र तालुक्याच्या दवाखान्यात सलाइनवर. सगळे वाचलो. आईचा तो चेहरा अजून आठवतो. आजही दर वर्षी अशा बातम्या येतात: चंद्रज्योतीच्या बिया खाऊन विद्यार्थ्यांना विषबाधा.

ही झुडपं गुरं खात नाहीत, म्हणूनच कुंपणाला लावतात. आमच्या गावच्या शाळेभोवती ती अजून आहेत. येत्या रविवारी कुदळ-फावडं घेऊन ती उपटायला आम्ही चौघे जाणार आहोत. जवळ राहणाऱ्यांनी यावं, सकाळी आठ वाजता.