दारूचे पैसे सासूबाईंकडूनही घ्या

समुद्रावर जायचा खरा हक्क कुणाचा असेल तर तो सोलापूरकरांचा. मुंबईकरांना समुद्र रोज फुकट दिसतो, त्यांना त्याचं काही नाही. आपल्याकडे पार्क चौपाटी आहे, तिथे भेळ आहे, पावभाजी आहे, फक्त समुद्र तेवढा अजून आलेला नाही. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि आलं की अख्खी गल्ली झोपेतून उठून मोटारी लावते. अशा गावच्या माणसाने चहूकडे पाणीच पाणी असलेल्या जहाजावर जाऊन राहायचं नाही, तर कुणी राहायचं? तेव्हा यंदा क्रूझवर जाच. फक्त जाण्याआधी एका प्रश्नावर मत पक्कं करून ठेवा, कारण टूरवाल्याच्या ऑफिसात हल्ली त्यावरूनच बाचाबाची होते. क्रूझच्या भाड्यात पिण्याचे आणि वरखर्चाचे पैसे धरावेत की नाही?

माझा सल्ला विचाराल तर धरावेत. सगळे धरावेत. दारूचे तर सगळ्यात आधी धरावेत, आणि माळकऱ्यांच्या भाड्यातही धरावेत.

ही कल्पना माझी एकट्याची नाही. मोठ्या अमेरिकन कंपन्यांनी ती अर्धीअधिक अमलातही आणलेली आहे. कार्निव्हल घ्या, रॉयल कॅरिबियन घ्या, सर्वसाधारण नियम असा की एका खोलीतल्या एका प्रौढाने हवी तेवढी दारू प्यायचं पॅकेज घेतलं, तर त्याच खोलीतल्या बाकीच्या प्रौढांनीही ते घ्यायचं. एकाने पैसे भरायचे आणि ग्लास चौघांत फिरवायचा, ही युक्ती फक्त आपल्यालाच सुचते असा आपला उगाच समज आहे. अमेरिकेतही माणसंच राहतात.

आता समजा, तुम्ही, तुमची पत्नी आणि सासूबाई एका खोलीत आहात. सासूबाई अक्कलकोटच्या, गुरुवार करणाऱ्या, चहासुद्धा एकादशीला सोडणाऱ्या. तुम्ही पॅकेज घेतलंत. दिवसाला माणशी साधारण 60 ते 100 डॉलर, वर 18 ते 20 टक्के सेवाशुल्क. म्हणजे सासूबाईंचं लिंबू सरबत दिवसाला पाच हजारांच्या पुढे गेलं. तीन दिवसांनी त्या विचारतील, "जावईबापू, मी तर रोज एकच ग्लास घेतला की ओ?" तुम्ही नम्रपणे सांगायचं, "मामी, दुसरा घ्यायला तुम्हाला कुणी अडवलं होतं का?"

तरीही त्यांची नाराजी गेली नाही तर परंपरेचा आधार घ्या. धोंड्याच्या महिन्यात जावयाला 33 अनारशांचं वाण द्यायची आपली रीत आहे, आणि 2026 साली ज्येष्ठ अधिक आहे. अनारसे तळायला जुने तांदूळ भिजत घाला, गूळ किसा, वर ते तुपात विरघळले तर सगळी मेहनत वाया. त्यापेक्षा त्याच आकड्याचे पेग वाण म्हणून द्यावेत. कार्निव्हलच्या पॅकेजात 24 तासांत 15 पेगांची मर्यादा आहे, तेव्हा तीन दिवसांत वाण आरामात उरकतं. चांदीचं ताट तेवढं वेगळं द्यावं लागेल, ते पॅकेजात धरलेलं नसतं.

पॅकेज घेतलं की पुढचं काम तुमचं. पैसे वसूल करणं. कृपा करून याला सुट्टी समजू नका. एक कॉकटेल साधारण 12 ते 15 डॉलरला पडतं, म्हणजे रोज सात-आठ रिचवल्याशिवाय तुम्ही तोट्यात. एका वेळी एकच ग्लास मिळतो आणि दोन ग्लासांत पाच मिनिटांचं अंतर ठेवावं लागतं, म्हणून घड्याळ हातात असू द्या. पॅकेज अख्ख्या सफरीसाठीच घ्यावं लागतं, मधला एक दिवस वगळता येत नाही. ज्या दिवशी जहाज बंदराला लागतं आणि मंडळी सकाळी उतरून गाव बघायला जातात, त्या दिवसाचेही पैसे गेलेलेच असतात. अशा दिवशी नाश्त्याला आम्लेट यायच्या आत दोन तरी पोटात जायला हवेत. चर्च आणि किल्ले काय, पळून जात नाहीत. तुम्ही बारमध्येच थांबा. बायको म्हणेल, "एवढ्या लांब येऊन तुम्ही इथंच बसून राहणार का?" तिला सात-आठचा हिशेब समजावून सांगा. तिच्याही नावावर तेवढेच पैसे भरलेत, हे मात्र त्या वेळी बोलू नका.

असं चार दिवस चाललं की जहाजावरच्या डॉक्टरकडे जायची वेळ येईल. तो भाड्यात नसतो. तपासणी, इंजेक्शन, गोळ्या सगळं तुमच्या खात्यावर लागतं.

मध्येच एक सांगून टाकतो. आपल्या राज्यात विदेशी दारू प्यायला कायद्याने परवाना लागतो आणि एका दिवसाचा परवाना 5 रुपयांत मिळतो. तो परवाना मागून घेणारा माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही. 5 रुपयांचा कागद टाळणारे हेच गृहस्थ जहाजावर पाच हजारांच्या पॅकेजसाठी रांगेत उभे असतात आणि टूरवाल्याला वर विचारतात, "यात बिस्लेरी येते का ओ?"

दुसरा पक्ष म्हणतो, ज्याचं त्याने भरावं. भाडं कमी ठेवा, प्यायचं असेल तो पैसे देईल, नसेल तो देणार नाही. ऐकायला सोज्वळ वाटतं. पण यातली मेख बघा. कार्निव्हल समूहाचं 2023 चं उत्पन्न सुमारे 21.6 अब्ज डॉलर होतं, त्यातले सुमारे 7.5 अब्ज तिकिटांचे नव्हतेच. बार, कॅसिनो, सहली, स्पा, इंटरनेट असल्या वरखर्चातून आलेले. एक तृतीयांश! जाहिरातीतलं भाडं एवढं कमी का, याचं उत्तर तिथे बारच्या स्टुलावर बसलेलं आहे. तुम्ही पाणी पिऊन, बुफेत जेवून, नऊला झोपून स्वस्तात सफर करता, ती रात्री दोन वाजता कॅसिनोत बसलेल्या गृहस्थाच्या जिवावर. म्हणून वेगळ्या बिलाच्या जहाजावर असा कुणी झिंगलेला दिसला की नाक मुरडू नका. दोन्ही हात जोडा. शक्य असेल तर त्याला खोलीपर्यंत सोडून या, उद्या पुन्हा बसायला तो धडधाकट राहिला पाहिजे.

म्हणजे एका जहाजावर माळकरी पिणाऱ्याचे पैसे भरतो, दुसऱ्यावर पिणारा माळकऱ्याचे भरतो. कंपनीचं मात्र दोन्हीकडे सारखंच भरतं. आपण जावई असाल तर पहिल्या जहाजाला मत द्या, सासूबाई असाल तर दुसऱ्याला. एवढं साधं तत्त्वज्ञान असताना लोक टूरवाल्याच्या ऑफिसात खुर्च्या का सरकवतात, कळत नाही.

खरोखर सगळं भाड्यात असलेली जहाजंही आहेत. सिल्व्हरसी, रीजंट सेव्हन सीज अशी त्यांची नावं. तिथे दारू, बक्षिशी सगळं आधीच धरलेलं असतं, रीजंटवर तर बंदरावरच्या बहुतेक सहलीसुद्धा. तिथलं भाडं ऐकूनच घसा कोरडा पडतो, मग दारू फुकट असते त्याचं बरं वाटतं.

आपल्याकडे हा प्रश्न कधीच सुटलेला आहे, पण तो शेतात सुटल्यामुळे कुणी मनावर घेत नाही. डिसेंबर-जानेवारीत सोलापूरच्या आसपास हुरडा पार्ट्या लागतात. माणशी एक रक्कम द्यायची. हुरडा, शेंगाची चटणी, गूळ, दही, दुपारी कडक भाकरी आणि पिठलं, उसाचा रस, बैलगाडीची फेरी, झाडाला बांधलेला झोका. बाजेवर पडलं म्हणून वेगळं बिल नाही, आगटीजवळ बसलं म्हणून सेवाशुल्क नाही. शेतमालक उलट मागे लागतो, "काका, अजून दोन कणसं भाजलेत, घ्या की." आता या माणसाला धंदा कळत नाही, हे उघड आहे. त्याला कुणीतरी एकदा क्रूझवर पाठवायला हवं. परत आल्यावर तो झोक्याला मिनिटावर पैसे लावेल आणि चटणीच्या वाटीपुढे बारीक अक्षरात चांदणी छापेल.

त्या चांदणीविषयीही सल्ला देतो. माहितीपत्रकात भाड्याच्या आकड्याच्या डोक्यावर जी चांदणी असते तिच्याकडे बघू नका. पानाच्या तळाशी तिचं कूळ लिहिलेलं असतं. बंदर शुल्क वेगळं, कर वेगळे, आणि रोजची बक्षिशी वेगळी.

बक्षिशीचं तर कौतुक करावं तेवढं थोडं. अमेरिकन जहाजांवर दर माणशी, दर दिवशी साधारण 16 ते 20 डॉलर खात्यावर आपोआप लागतात. तुम्ही खुश असा, नसा. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी हॉटेलांना बजावलं की बिलात सेवाशुल्क आपोआप लावायचं नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं. समुद्रात असले अडाणी नियम नाहीत. तुमची चादर बदलणारा, ताट उचलणारा पोरगा महिनोन् महिने घराबाहेर असतो, त्याच्या कमाईचा मोठा हिस्सा या बक्षिशीवर उभा असतो. कंपनीने तो पगारात धरला असता तर भाडं वाढलं असतं, आणि भाडं वाढलं असतं तर तुम्ही आलाच नसता. तेव्हा तुमच्या येण्याची सोय त्या पोराने केलेली आहे. पण तुम्हाला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. बऱ्याच जहाजांवर स्वागतकक्षात जाऊन ही रक्कम कमी करायला सांगता येते. तसं सांगा, वाचलेल्या पैशांत दोन कॉकटेल येतात. संध्याकाळी तोच पोरगा तुमच्या पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवेल, त्याच्या सोंडेकडे बघत प्या.

टॉवेलवरून आठवलं. जहाजावर पोहायच्या तलावाचा टॉवेल परत केला नाही तर साधारण 25 डॉलर लावतात. दोन हजारांच्या वर! इथे मात्र सोलापूरकराने मान खाली घालू नये. ज्या गावातून टेरी टॉवेल जगभर जातात, त्या गावच्या माणसाने तो टॉवेल आधी बोटांत धरून बघावा, वजनाचा अंदाज घ्यावा, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या परदेशी पाहुण्याला आपल्याकडे डझनाचा भाव काय पडतो तो ऐकवावा. त्याला काही समजणार नाही, पण तुमच्या जिवाला बरं वाटेल. मग टॉवेल मुकाट्याने परत करा.

सामानाचंही आधीच सांगतो. बाटल्या बॅगेतून न्यायचा विचार सोडा. विमानतळासारखी तपासणी होते, सापडलेली बाटली काढून घेतात आणि बऱ्याच कंपन्या ती परतही देत नाहीत. इस्त्री आणि पाणी तापवायची किटली काढून घेतात. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी कोरडी, पॅकबंद असेल तर सहसा कुणी अडवत नाही. कारण त्यांच्याकडे तिचा दर ठरलेला नाही.

एकच गोष्ट या सगळ्या वादात बसत नाही, म्हणून ती जहाजावर कुणाजवळ काढू नका. सोलापूरहून मुंबईला जाताना तुम्ही वंदे भारतने जाल. 10 फेब्रुवारी 2023 पासून ती धावते. तिच्या तिकिटात खाण्याचे पैसे धरलेले असतात, आणि तिकीट काढतानाच विचारतात की जेवण हवं का? नको म्हटलं की तेवढे पैसे कमी होतात. शेजारचा काय खातो याच्याशी तुमच्या तिकिटाचा संबंध नाही, आणि एकाच रांगेत बसलात म्हणून सासूबाईंना तुमचं ऑम्लेट घ्यायची सक्ती नाही. आपली रेल्वे, जिला आपण रोज नावं ठेवतो! एवढी साधी गोष्ट अब्जावधी डॉलरच्या कंपन्यांना जमत नसेल, असं मला वाटत नाही. तुम्हालाही वाटायला नको, नाहीतर मनाला लागतं.

आता शेवटच्या रात्रीचं. सगळी खरेदी खोलीच्या कार्डावर झालेली असते, नोट हातातून सुटत नाही म्हणून काही जाणवत नाही. जहाज बंदराला लागायच्या आदल्या रात्री बिल येतं. इंटरनेट (गल्लीच्या ग्रुपवर सूर्यास्ताचे फोटो टाकायला), बाटलीबंद पाणी, कप्तानासोबत काढलेला फोटो, जास्तीचं रेस्टॉरंट जिथे सासूबाईंनी फक्त सॅलड खाल्लं, आणि डॉक्टर. आकडा भाड्याच्या निम्म्याच्या पुढे गेलेला असेल. घाबरू नका. पत्नीला दाखवू नका. सासूबाईंना तर अजिबात नाही, त्यांचा चष्मा बॅगेत खाली ठेवा.

सोलापुरात उतरल्यावर स्टेशनपासूनच लोक विचारायला लागतील. रिक्षावाला, शेजारचे काका, ऑफिसातले सहकारी, पार्क चौपाटीवर भेटलेला वर्गमित्र. "काय बे, लई खर्च आला असंल की?" तेव्हा जाहिरातीत छापलेला आकडा सांगायचा. तेवढाच. बंदर शुल्क नाही, पॅकेज नाही, डॉक्टर नाही. वर म्हणायचं, "जेवण-खाण सगळं त्यातच बरं का!" आणि लगेच खिशातून टूरवाल्याचं कार्ड काढून त्याच्या हातात ठेवायचं.