पाहुण्यांचा वेढा

कोल्हापुरात घर असलं की माणूस आपोआप गाईड होतो. अंबाबाई, रंकाळा, तांबडा-पांढरा इथवर पाहुण्यांचं आपापलं जमतं. पन्हाळ्याला मात्र त्यांना घरचा माणूस लागतो, आणि आमच्या घरात तो माणूस मी आहे.

यंदा पुण्याहून आतेभाऊ आला, सहकुटुंब. गाडी पार गडावर जाते, एसटी जाते, वर नगरपरिषद आहे, सगळं सांगून बघितलं. "छे! गड चालतच चढायचा," दादा म्हणाला. त्याच्या पाठपिशवीत दोरखंड होता, शिट्टी होती. माझ्या पायात कोल्हापुरी. तिच्याकडं त्यानं असं बघितलं की चप्पल करकरायची थांबली.

चढाचं फार सांगण्यासारखं नाही. दादा जागोजागी 'निसर्ग बघायला' बसला. वर पोचल्यावर शिखर जिंकल्यासारखे हात पसरून त्यानं फोटो काढून घेतला. फोटोत त्याच्या मागून एकजण स्कूटरवर गॅसची टाकी घेऊन चाललाय.

"काका, कोंडाजी फर्जंदांनी गड किती माणसांनी घेतला?" पुतण्यानं विचारलं.

"साठ. १६७३ साली, एका रात्रीत."

"मग आपल्याला एवढा वेळ का लागला?"

दादानं ऐकलं नाही. तो तीन दरवाज्यावरचा फारसी शिलालेख वाचत होता. बराच वेळ वाचला. त्याला फारसी येत नाही.

अंबरखान्यात वहिनींनी माझी परीक्षा घेतली. गंगा, यमुना, सरस्वती ही कोठारांची नावं मी ऐटीत सांगितली, तर म्हणाल्या, "एवढ्या धान्याला पोरकिडे नाही व्हायचे?" शिलाहार भोजापासून ताराराणींपर्यंत सगळं पाठ करून गेलो होतो, पोरकिड्यांवर तयारी नव्हती. कवी मोरोपंत मूळचे इथलेच, १७२९ चा जन्म. पुढं ते बारामतीला जाऊन राहिले. त्यांच्याकडंही पाहुणे येत असावेत.

राजदिंडीपाशी आल्यावर मी जरा रेंगाळलो. सिद्दी जौहरचा वेढा चार महिने पडला होता आणि जुलै १६६० मध्ये भर पावसात, रात्रीच्या अंधारात महाराज इथून विशाळगडाकडं निसटले. आमचा वेढा रविवारी उठणार होता. पण बायकोनं पाहुण्यांना सोमवारच्या मिसळीचं आवतण देऊन ठेवलेलं. खाली वाट मोकळी दिसत होती. मात्र महाराजांसाठी पालखीत बसून जीव देणारा नेबापूरचा शिवा काशीद होता, घोडखिंड अडवून धरणारे बाजीप्रभू होते. माझ्याकडं वहिनींची पर्स होती.

शेवटी झुणका-भाकरीला बसलो. दुसऱ्या भाकरीला दादाला कंठ फुटला. भाकरी थापणाऱ्या मावशींनी त्याला सांगितलं, दर जुलैत पोरं इथनं पावनखिंडीपर्यंत चालत जातात. मसाईच्या पठारावरनं, चिखलातनं, धो धो पावसात.

"किती अंतर?"

"पन्नासेक किलोमीटर असंल की."

दादाचे डोळे चमकले. मी ताटात बघून कांदा खायला लागलो.

"पण वाट दाखवायला कोणीतरी हवं," तो म्हणाला.

बायकोनं ठेच्यावर तेल ओतलं. "हे येतील की, भावजी. घरात बसून तरी काय करत्यात?"