साहेब कोर्टात का येत नाहीत

आमच्या घरच्या ग्रुपवर पुण्याच्या बर्गर किंगचा विषय परत निघाला आणि आतेभावाने लिहिलं, "त्या अमेरिकन कंपनीच्या सीईओलाच शिवाजीनगर कोर्टात उभं करायला पाहिजे. अमेरिकेत बघा, कितीही मोठा असू दे, खुर्चीत बसवून प्रश्न विचारतात. आपल्याकडे साहेबाच्या केसालाही धक्का लागत नाही." खाली अकरा अंगठे. दादा, मी तेव्हा मेट्रात होते, उतरायची घाई होती म्हणून काही लिहिलं नाही, पण दोन दिवस झाले ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. कारण अमेरिकेत तसं सहज होत नाही. मी शिकागोला वकिलांच्या ऑफिसात सतरा वर्षं पॅरालीगल आहे, ट्रेडमार्कच्या केसेसची कागदपत्रं लावते, आणि सीईओची जबानी घ्यायची नोटीस आली की त्याचे वकील सगळ्यात आधी काय करत असतील तर ती थांबवायचा अर्ज.

पुण्याची केस ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॅम्पातलं बर्गर किंग नव्वदच्या सुरुवातीपासून आहे, अमेरिकन कंपनीने भारतात पहिलं दुकान उघडलं 2014 मध्ये. त्यांनी या नावावरून पुण्यात दावा लावला 2011 ला, जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला ऑगस्ट 2024 मध्ये, डिसेंबरमध्ये हायकोर्टाने पुणेकरांना ते नाव वापरायला मनाई केली आणि मार्च 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाच्या त्या आदेशाला स्थगिती दिली. तेरा वर्षं खालच्या कोर्टात गेली. त्यावर चिडायचं तर जरूर चिडा, मीही चिडते.

पण सीईओला खेचायची गोष्ट वेगळी. इथे दावा दाखल झाला की प्रत्यक्ष सुनावणीच्या आधीच दोन्ही बाजू एकमेकांच्या माणसांना शपथेवर प्रश्न विचारतात, त्याला डिपॉझिशन म्हणतात. एका साक्षीदाराला एक दिवस, सात तास, आणि एका बाजूला दहा जबान्या, त्यापुढे कोर्टाची परवानगी. सगळ्यात वरच्या अधिकाऱ्याला बोलवायचं असेल तर इथली बरीच कोर्टं दोन गोष्टी बघतात: त्या माणसाला स्वतःला असं काही माहीत आहे का जे खालच्या कोणालाच माहीत नाही, आणि आधी खालच्यांना विचारून झालंय का. टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने हे 1995 मध्ये सांगितलं, फ्लोरिडाने 2021 मध्ये नियमातच घातलं, ट्रेडमार्क ऑफिसच्या बोर्डाने एनएफएलच्या, म्हणजे इथल्या फुटबॉल लीगच्या, एका प्रकरणात 2008 मध्ये हीच कसोटी लावली. कारणही खोटं नाही. हजार दुकानांच्या कंपनीवर शंभर दावे असतात, प्रत्येकाने साहेबाला बोलवलं तर ती नोटीस म्हणजे तडजोडीसाठी नरडीवर ठेवलेला हात होतो.

हे मला पटतं, पण एका अटीवर. साहेब येत नसेल तर कंपनीने स्वतःचा एक माणूस नेमून द्यायचा, आणि कंपनीला जे माहीत आहे ते त्याला शिकवून बसवायचं, असा नियम आहे. तो नुसता "माहीत नाही" म्हणत राहिला तर कंपनीची बाजू लंगडी पडते. सहाव्या सर्किटने, म्हणजे इथल्या एका विभागाच्या केंद्रीय अपील कोर्टाने, 2012 मध्ये सिंटास नावाच्या कंपनीच्या केसमध्ये हेही स्पष्ट केलं की नुसतं पद मोठं आहे म्हणून त्रास होणारच असं धरून चालता येणार नाही, काय त्रास होणार ते दाखवा. मला हा निकाल फार आवडतो. भिंत आहे, पण भिंतीला दार आहे.

आणि ट्रेडमार्कमध्ये ते दार जरा जास्तच उघडं असायला हवं असं माझं ठाम मत आहे. रस्त्यावर अपघात झाला तर मालकाला विचारून काय मिळणार, पण दुकानाचं, मालाचं नाव कोणी ठरवलं, समोरच्याचं नाव माहीत असताना ठरवलं का, हे बऱ्याचदा दोन-तीन माणसांनाच माहीत असतं आणि ती वरच बसलेली असतात. दोन नावांत गिऱ्हाइकाची गल्लत होईल का हे बघायला आमच्या सर्किटात ज्या सात कसोट्या लावतात त्यातली एक सरळ हेतूची. नाव उचलणाऱ्याचा नफा वसूल करायला त्याने मुद्दाम केल्याचं सिद्ध करणं सक्तीचं नाही असं इथल्या सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये सांगितलं, तरी मुद्दाम केलं का याला वजन आहेच.

मुलीला अर्बानाला सोडून आय-57 ने तसंच खाली गेलं की मॅटून लागतं. तिथेही एक बर्गर किंग आहे, त्या मोठ्या कंपनीचं नसलेलं. नवरा-बायकोने 1957 मध्ये काढलं, फ्लोरिडाची कंपनी नंतर इलिनॉयमध्ये आली, भांडण झालं, आणि 1968 मध्ये अपील कोर्टाने मॅटूनभोवतीचे वीस मैल त्यांना राखून दिले. नाव ठेवताना फ्लोरिडाची कंपनी त्यांना माहीतच नव्हती हे कोर्टाने मानलं, म्हणून. मी तिथे गाडीत बसून फ्राइज खाल्ल्या आणि मला कॅम्पच आठवत राहिलं. छोट्या दुकानदाराला ही भिंत मिळत नाही, दादा. नाव त्यानेच ठेवलेलं असतं, हिशोब तोच लिहितो, त्याच्या खाली विचारायला कोणी नसतंच, त्यामुळे पुण्यात काय आणि मॅटूनमध्ये काय, उत्तर द्यायला तोच पुढे. कंपनी जितकी मोठी तितका तिचा साहेब लांब. तुझा राग इथे असता तर मी बारावा अंगठा दिला असता.

आपल्याकडे डिपॉझिशन नाही. ट्रेडमार्कची लढाई बहुतेकदा अंतरिम मनाई हुकमावरच जिंकली-हरली जाते, आणि तो मिळतो ॲफिडेव्हिटवर, ज्यावर सही असते कुठल्यातरी अधिकृत सहीवाल्याची. पण सीपीसीत, म्हणजे आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, ऑर्डर 29 रूल 3 आहे, महत्त्वाच्या प्रश्नांची उत्तरं देऊ शकेल अशा डायरेक्टरला कोर्ट स्वतः हजर राहायला सांगू शकतं. "आपल्याकडे काही नाही" म्हणण्याआधी हे तरी वाचा. दार आपल्याकडेही आहे. ते ठोठावलं जात नाही.

मला हे इतकं का लागतं ते सांगते. माझे बाबा एका मसाल्याच्या कारखान्यात हिशोबाला होते. मालकावर पाकिटाच्या नावावरून केस झाली आणि ॲफिडेव्हिटवर सही बाबांची, साक्षीलाही बाबाच. आईने इस्त्री केलेला पांढरा शर्ट, पाठीवर घामाचा पट्टा, मी दहावीत होते आणि डबा द्यायला गेले होते. वकिलाने विचारलं, हे नाव कोणी सुचवलं? बाबा म्हणाले, माहीत नाही. त्यांना माहीत होतं. मालकाने दुसऱ्या कंपनीचं पाकीट टेबलावर टाकून "असंच करा" म्हटलं तेव्हा बाबा तिथेच होते. हे त्यांनी रात्री जेवताना आईला सांगितलं आणि ताट तसंच सारून उठले. मालकाला बोलवा असं समोरचा वकीलही म्हणाला नाही.

मागच्या वर्षी आमच्या ऑफिसकडे एक कंपनी होती. तिच्या सीईओला वाचवायचा अर्ज मी टाइप केला. त्याच्या जागी जो मॅनेजर बसवला, त्याची फाइल मीच लावली, टॅब लावून. नाव कोणी ठरवलं हा प्रश्न आला आणि तो म्हणाला, माहीत नाही. जबानी टाइप करणाऱ्या कोर्ट रिपोर्टरची बोटं चालत होती, आणि मी मात्र त्या माणसाच्या कॉलरच्या मागे बघत होते. पुढे जजने सीईओला प्रश्न विचारायला समोरच्यांना दोन तास दिले. आमच्या बाजूने तो पराभव होता. मला बरं वाटलं आणि ते मी ऑफिसात कोणाला सांगू शकले नाही.

बाबा आता ब्याऐंशीचे आहेत, कोथरूडला. रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांना हे सगळं सांगितलं, नावं न घेता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या माणसाला बसायला दिलं होतं ना?"

हो म्हटलं, बाबा. पाणीही होतं.