‘फक्त बटण दाबायचं’ म्हणणाऱ्यांना

मे महिना लागला की आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज उगवतो. दरवर्षी तोच, कान्यामात्रेचाही फरक नाही. ‘पोरं सुट्टीत घरी लोळतायत? ॲम्युझमेंट पार्कात राइड ऑपरेटर म्हणून पाठवा. फक्त बटण दाबायचं, बाकी सगळं कम्प्युटर करतो. दिवसभर राइड्स फुकट. उंचीचे, कपड्यांचे नियम म्हणजे पैसे काढायचे धंदे. आणि कुठे अपघात झाला तर समजून जा, ऑपरेटर मोबाइलवर होता.’ खाली दहा-बारा अंगठे आणि हसरे चेहरे.

मी ठाण्याच्या आसपासच्या एका पार्कात चार सीझन ऑपरेटर होतो. पार्कचं नाव सांगत नाही, कारण पुढे त्यांच्याबद्दल दोन वाकडे शब्द येणार आहेत. मेसेज ज्या क्रमाने लिहिलाय त्याच क्रमाने उत्तर देतो, फक्त पहिली दोन वाक्यं उलटी घेतो. कम्प्युटरचं आधी मिटवलं की बटणाचं आपोआप मिटतं.

‘सगळं कम्प्युटर करतो.’

अर्धं खरं आहे, म्हणून तर लोकांना पटतं. हार्नेस, म्हणजे माणसाला सीटला धरून ठेवणारा बार, लॉक झाला नाही तर पॅनलवर हिरवा दिवा लागत नाही आणि राइड सुटत नाही. रोलर कोस्टरचा ट्रॅक तुकड्यांत वाटलेला असतो. पुढच्या तुकड्यात गाडी असेल तर मागची गाडी ब्रेकवर थांबते. आपल्या लोकलला पुढचा सेक्शन रिकामा झाल्याशिवाय सिग्नल मिळत नाही, तोच प्रकार.

पण २ जून २०१५ ला इंग्लंडमधल्या आल्टन टॉवर्स पार्कात काय झालं ते बघा. ‘स्मायलर’ नावाच्या कोस्टरवर एक रिकामी गाडी ट्रॅकवर अडकली होती. कम्प्युटरने मागची गाडी बरोबर थांबवली. तिच्यात १६ माणसं बसलेली. खाली उभ्या असलेल्या इंजिनिअरांना वाटलं ट्रॅक मोकळा आहे, कम्प्युटरच चुकतोय. त्यांनी त्याला डावलून गाडी पुढे सोडली. दोन मुलींचा एकेक पाय कापावा लागला. पुढच्या वर्षी कोर्टाने कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड केला आणि खापर एकट्यादुकट्या कर्मचाऱ्यावर न फोडता कंपनीकडे धड पद्धतच नव्हती यावर बोट ठेवलं.

आता उलटं उदाहरण. मार्च २०२२, अमेरिकेतलं ऑरलँडो, उंचावरून सीट खाली सोडणारी टॉवर राइड. एका सीटचा सेन्सर कुणीतरी हाताने बदलून ठेवलेला. हार्नेस नको तेवढा उघडा होता, तरी यंत्रणेने हरकत घेतली नाही. चौदा वर्षांचा मुलगा सीटमधून निसटून गेला. पहिल्या ठिकाणी मशीन खरं बोलत होतं आणि माणसांनी ऐकलं नाही. दुसऱ्या ठिकाणी मशीनला खोटं बोलायला शिकवलं होतं आणि माणसांनी ते मानलं. यातलं कुठलं प्रकरण ‘सगळं कम्प्युटर करतो’ मध्ये बसतं ते मेसेज लिहिणाऱ्यानेच सांगावं.

शिवाय सगळं ठीकठाक चालत असतानाही सेन्सरला दिसत नाही असं बरंच काही असतं. आमच्याकडे एक छोटी राइड होती, दोघांत मिळून एक लॅप बार, म्हणजे मांडीवर येणारा दांडा. वडील पोटाने भरलेले, शेजारी सहा-सात वर्षांची मुलगी. बार वडिलांच्या पोटावर टेकतो, लॉक होतो, हिरवा दिवा लागतो. पोरीच्या मांडीवर मात्र वीतभर जागा रिकामी. यंत्रणेच्या हिशोबाने दोघं सुरक्षित. अशा वेळी वडिलांना उठवून मागच्या सीटवर बसवायचं आणि मुलीशेजारी आईला आणायचं, हे काम कुणाचं? त्या काकांनी मला रांगेसमोर चार शब्द सुनावले होते. बरोबरच आहे, त्यांच्या पोटाचा विषय निघाला होता.

‘फक्त बटण दाबायचं.’

एक नाही, दोन. आमच्या पेंड्युलमवर, म्हणजे झोक्यासारख्या मागेपुढे जाणाऱ्या मोठ्या राइडवर, स्टार्टची दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबावी लागत. हात दुसरीकडे कुठे असू नयेत म्हणून. तेही खालचा हेल्पर फेन्सच्या आत कुणी नाही हे बघून अंगठा दाखवेल तेव्हाच.

त्याआधी प्रत्येक हार्नेस खाली दाबायचा आणि मग वर ओढून बघायचा. ‘दिसतोय ना लागलेला’ चालत नाही, हात लावलाच पाहिजे. २४ सीट आणि मे महिन्यातल्या रविवारी साधारण ३५ फेऱ्या. गुणाकार केला तर ८४० होतात, आणि हे सगळं तापलेल्या लोखंडी प्लॅटफॉर्मवर. पहिल्या सीझनला रात्री टीएमटीच्या बसमध्ये वरची दांडी पकडायला उजवा हात उचलत नसे.

राइड सुटल्यावर तर खरं काम सुरू होतं. लोकांना वाटतं ऑपरेटर मजा बघत बसलाय. आम्ही चेहरे बघत असतो. ‘थांबवा, थांबवा’ सगळेच ओरडतात, त्यासाठीच तर पैसे भरून आलेले असतात. ओरडणाऱ्याची काळजी नसते. मघाशी ओरडत होता आणि आता गप्प झालाय, मान एका बाजूला पडलीय, बारवरची पकड सुटलीय, त्याच्यावर नजर ठेवायची. वेव्ह पूलवरचा आमचा लाइफगार्डही हेच सांगायचा, बुडणारा माणूस हाका मारत नाही.

आणि राइड तातडीने थांबवायचं लाल बटण म्हणजे रिक्षाचा ब्रेक नव्हे. कोस्टरच्या गाडीला इंजिन नसतं. साखळीने ती चढावर नेली की पुढे सगळं उतारावर. मधेच लाल बटण दाबलं तरी ती पुढच्या ब्रेकपर्यंत जाणारच. म्हणून जे काही अडवायचं ते सुटण्याआधी अडवायचं असतं.

‘दिवसभर राइड्स फुकट.’

फुकट राइड मिळायची, सकाळी गेट उघडायच्या आधी. त्याला ट्रायल म्हणतात. आधी रिकामी फेरी, मग वाळूच्या गोण्या बांधून, मग आम्ही. ११ मे २०१६ ला चेन्नईच्या किश्किंता पार्कात ‘डिस्को डान्सर’ नावाची राइड कोसळली तेव्हा तिच्यात पर्यटक नव्हते, ट्रायलला बसवलेले कर्मचारी होते. त्यातला एक गेला. ही ती फुकटची राइड. दिवसा रांगेत उभं राहून बसायला ना वेळ मिळे, ना परवानगी.

‘उंचीचे, कपड्यांचे नियम म्हणजे पैसे काढायचे धंदे.’

उंचीच्या नियमातून पार्कला एक रुपया मिळत नाही, उलट गिऱ्हाईक जातं. खांद्यावरून येणारा हार्नेस ठरावीक मापाच्या धडासाठी बनवलेला असतो. बुटक्या मुलाच्या खांद्यावर तो टेकतच नाही, आणि राइड वळली की मूल खालून सरकू शकतं. वय, हुशारी, धाडस यांचा काही संबंध नाही. ‘आमचा चौथीत आहे, कराटेत ब्राउन बेल्ट आहे’ हे मी ऐकलंय. बुटात टाचेखाली घडी घातलेला रुमाल पाहिलाय. केसांचा कोंबडा करून आणलेला मुलगा पाहिलाय, त्याच्या डोक्यावर हात ठेवल्यावर पट्टीखाली चार बोटं गेला बिचारा.

कपड्यांचं अर्धं कबूल. वॉटर पार्कात नायलॉनचे कपडे लागतात कारण सुती कपडा पाणी पिऊन जड होतो, त्याचे तंतू फिल्टरमध्ये जाऊन बसतात, आणि ओढणी किंवा साडीचा पदर स्लाइडमध्ये अडकला तर गळ्याशी येतं. हे खरं. पण तेच कपडे भाड्याने देताना काउंटरवर जो दर लावतात तो मलाही पटत नसे. घरून न्यावेत.

‘अपघात झाला तर ऑपरेटर मोबाइलवर होता.’

हे वाक्य वाचलं की डोकं फिरतं. तरी आधी एक कबुली: मोबाइल बघणारे ऑपरेटर असतात. आमच्यातला एक होता, त्याला काढला, योग्य केलं.

१४ जुलै २०१९, क्रिकेट विश्वचषकाची फायनल होती तो रविवार. अहमदाबादला कांकरियाजवळ पेंड्युलम राइड वरून तुटून पडली. दोन मृत्यू, पंचवीसहून जास्त जखमी. अटक झालेल्यांत मालक आणि मॅनेजर होते, तसेच ऑपरेटर आणि हेल्परही होते. राइड चालवणाऱ्या पोराला लोखंडाच्या आतली चीर दिसणार कशी? वर्षानुवर्षं मागेपुढे झोके घेऊन धातू थकतो आणि वरून रंग दिलेला असतो. ती चीर शोधायला अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी केलेली तपासणी लागते, पृष्ठभागावरची असेल तर रंगद्रव्य किंवा चुंबकीय पावडर लावून बघावं लागतं. त्यासाठी राइड बंद ठेवून पार्ट खोलावे लागतात, आणि ते करायचं की नाही हे प्लॅटफॉर्मवर उभा असलेला कधीच ठरवत नाही. त्याच्या हातात असतं ते लॉगबुक. ‘डावीकडून कट्-कट् आवाज येतोय’ असं मी तिसऱ्या सीझनला लागोपाठ चार दिवस लिहिलं. चौथ्या दिवशी सुपरवायझर म्हणाला, लिहू नको, तोंडी सांगत जा. मी पाचव्या दिवशीही लिहिलं. सहाव्या दिवशी मेंटेनन्सवाले आले, बेअरिंग खराब निघालं. माझी ड्युटी टॉय ट्रेनवर लागली.

राहता राहिलं मेसेजमधलं ‘पाठवा’. पोरांना शिकवणार किती हा प्रश्न मेसेजमध्ये नाही. मला तीन दिवस शिकवलं, त्यातला एक युनिफॉर्म आणि फॉर्म भरण्यात गेला. बाकीचं शेजारच्या राइडवरच्या जुन्या ऑपरेटरने जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, स्वतःच्या डब्यातली भाकरी मोडत. तो नसता तर वडिलांच्या पोटाची आणि लेकीच्या मांडीची गोष्ट मला कुणी सांगितली असती?

तरीही पाठवायचंच असेल तर पहिल्या दिवशी मुलाला एकच विचारायला सांगा: राइड बंद करायला मला कुणाला विचारावं लागेल का? ‘कुणाला नाही, आधी बंद कर, मग सांग’ असं उत्तर आलं तर डबा देऊन पाठवत जा. ‘सुपरवायझरला फोन लाव’ म्हणाले, तर आलेल्याच रिक्षात त्याला परत बसवा.