आधी राउटर उलटा करून बघा

‘कुठलाही जुना राउटर घ्या, ओपनडब्ल्यूआरटी टाका, नव्यासारखा होतो’ हे जुन्या राउटरवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे राउटरमधलं मूळ फर्मवेअर (राउटर चालवणारं सॉफ्टवेअर) काढून त्या जागी टाकायचं मोफत फर्मवेअर. पण त्याला कुठलाही राउटर चालत नाही हो! खोक्यावर नाव एकच, आत चिप वेगळी. टीपी-लिंकचा डब्ल्यूआर८४१एन आमच्या जळगावात अजून कितीतरी घरांत दिसतो. त्याच्या व्हर्जन ११ मध्ये क्वालकॉमची चिप आणि ४ एमबी फ्लॅश (फर्मवेअर साठवायची मेमरी), तर व्हर्जन १३ मध्ये मीडियाटेकची चिप आणि ८ एमबी. एकाची फाइल दुसऱ्यात घातली की बसा बोंबलत. शिवाय ४ एमबी फ्लॅश, ३२ एमबी रॅमवाल्यांना ओपनडब्ल्यूआरटीने १९.०७ या आवृत्तीनंतर सोडूनच दिलंय, मग नवा होणार कुठून? खालच्या स्टिकरवरचं व्हर्जन वाचायचं, मगच डाउनलोड. फायबरवाल्याने दिलेल्या डब्याच्या तर नादीच लागू नका. आपला राउटर त्याच्यापुढे वेगळा जोडा.

आणि विजेचा उल्लेखच नाही? फ्लॅश लिहिली जात असताना लाइट गेली तर राउटर आडवा होतो, आणि इकडे मे महिन्यात लाइटचा काय नेम! शेजारच्या पोराचा राउटर मी इन्व्हर्टरवर लावूनच केला. रीस्टार्ट झाल्यावर मोबाइलमध्ये वायफायचं नावच दिसेना. पोरगं रडकुंडीला, ‘काका, गेला ना?’ गेला नव्हता. नव्या फर्मवेअरमध्ये वायफाय बहुधा बंदच असतं. लॅनची वायर लावून १९२.१६८.१.१ उघडायचं आणि आपल्या हाताने चालू करायचं. एवढी एक ओळ लेखात हवीच होती.